सर्जन, इंजिनीअर आणि एक मेंढी

सोमवार सकाळ. काचेची कॉन्फरन्स रूम, एसी सोळावर. एका बाजूला मार्केटिंगवाले, दुसऱ्या बाजूला टेकवाले, आणि फायनान्सचा एकटा जीव लॅपटॉपमागे लपून बसलेला. स्क्रीनवर दोन वर्तुळं एकमेकांत घुसलेली, मधल्या भागात ठळक अक्षरांत 'सिनर्जी'. तासाभराने काय ठरतं? तर पुढची मीटिंग कधी घ्यायची ते! मी फ्रीलान्सर असल्यामुळे हे सगळं मला पाहुणी म्हणून बघायला मिळतं. कुणाचं तरी न्यूजलेटर लिहायला गेले की हटकून 'क्रॉस-फंक्शनल टीम'वर अर्धं पान लिहावं लागतं. ते अर्धं पान आतापर्यंत इतक्यांदा लिहिलंय की झोपेतही टाइप करीन.

तर आज त्याच विषयावर, पण फुल पान. आणि या टीमने प्रेझेंटेशन केलं नव्हतं. तिने हृदयाची झडप बनवली होती.

आधी थोडी बायॉलॉजी, घाबरू नका. आपल्या हृदयात चार झडपा असतात. काम एकच : रक्त पुढे जाऊ द्यायचं, मागे येऊ द्यायचं नाही. बिल्डिंगच्या पंपात असतो तसा वन-वे व्हॉल्व्ह. फरक इतकाच की बिल्डिंगचा पंप रात्री बंद करतात. हृदय दिवसाला साधारण एक लाख वेळा धडधडतं, वर्षाला साडेतीन-चार कोटी वेळा. झडप तितक्याच वेळा उघडते आणि मिटते. तुमच्या हातातल्या फोनचं चार्जिंगचं भोक दोन वर्षांत ढिलं होतं, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

ही झडप बिघडते कशी? म्हातारपणी बिघडते, काहींची जन्मतःच बिघडलेली असते. पण आपल्या देशात फार मोठ्या प्रमाणावर ती बिघडली ती घशामुळे. लहान मुलांना एका विशिष्ट जंतूमुळे घसादुखी होते. शरीर त्या जंतूशी लढताना कधीकधी गोंधळतं आणि स्वतःच्याच सांध्यांवर, हृदयावर हल्ला करतं. याला रुमॅटिक फीव्हर म्हणतात. सांधे सुजतात आणि उतरतात. हृदयाच्या झडपेवर मात्र वण राहतो, आणि वर्षानुवर्षं ती जाड होत जाते, चिकटते, गळायला लागते. गर्दीची घरं, एका खोलीत सात माणसं, घसा दुखला म्हणून डॉक्टरकडे जायची पद्धत नाही... असा हा आजार आहे. श्रीमंत देशांतून तो जवळपास गेला. आपल्याकडून गेलेला नाही.

माझ्या मावशीला तो झाला होता. सांगलीजवळच्या गावात, नऊ-दहा वर्षांची असताना. गुडघे सुजले, शाळा बुडली, मग बरी झाली, आणि घरातले सगळे विसरून गेले. चौतिसाव्या वर्षी तिला दोन जिने चढताना धाप लागायला लागली. तोपर्यंत सगळ्यांचं निदान एकच : "वजन वाढलंय, दुसरं काय!" मुंबईतल्या एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलमध्ये तिची झडप बदलली, तेव्हा मी शाळेत होते. डिस्चार्जच्या वेळी तिला एक छोटं कार्ड मिळालं. ते ती अजूनही पर्समध्ये पॅनकार्डाच्या मागे ठेवते. त्यावर झडपेचं नाव आहे : चित्रा.

मला वाटायचं चित्रा म्हणजे नर्सचं नाव असेल. (शाळेत होते म्हटलं ना.)

त्या नावामागची गोष्ट मी खूप उशिरा शोधली. पण ती सांगण्याआधी दोन परदेशी जोड्यांना भेटू या. एक छान जमलेली, एक बिनसलेली. त्याशिवाय तिसरीचं मोल कळणार नाही.

पहिली जोडी. १९५८ साल, अमेरिकेतलं पोर्टलंड. अल्बर्ट स्टार हा तिशीतला हार्ट सर्जन. त्याच्याकडे एक साठीतले रिटायर्ड इंजिनीअर आले, लोवेल एडवर्ड्स. विमानाच्या इंजिनात इंधन पोचवणारे पंप बनवण्यात त्यांनी नाव आणि पैसा दोन्ही कमावलेलं. लहानपणी त्यांनाही रुमॅटिक फीव्हर झालेला. म्हणाले, मला कृत्रिम हृदय बनवायचंय. अख्खं! पंपच तर आहे. तुमच्या ऑफिसात असा माणूस आला तर काय होईल? एकतर त्याला हसतील, नाहीतर त्याचं व्हिजन डॉक्युमेंट बनवायला घेतील. स्टारने तिसरंच केलं. म्हणाला, हृदय नंतर बघू, आधी एक झडप करू या. काही आठवड्यांत एडवर्ड्स पहिला नमुना घेऊन हजर!

अखेर जी झडप जमली ती म्हणजे पिंजऱ्यात एक चेंडू. रक्त आलं की चेंडू वर, थांबलं की खाली बसून तोंड बंद. दिसायला निसर्गाच्या झडपेसारखी अजिबात नाही, आणि मला या गोष्टीत तेच सगळ्यात आवडतं. दोघांनी दिसण्याचा हट्ट सोडला. कुत्र्यांवरच्या प्रयोगांत झडपेवर रक्ताच्या गुठळ्या जमायच्या, कुत्री मरायची. सर्जन सांगायचा काय झालं, इंजिनीअर बदलून आणायचा, पुन्हा ऑपरेशन. १९६० साली झडप माणसात बसली. पहिला पेशंट वाचला नाही. नंतरचा एक मात्र दहा वर्षं जगला, आणि गेला तो घर रंगवताना शिडीवरून पडून. झडप तोपर्यंत शाबूत होती. गंमत बघा, डॉक्टरी भाषेत याला यश म्हणतात.

दुसरी जोडी. स्वीडनचे सर्जन व्हायकिंग ब्यॉर्क आणि अमेरिकन इंजिनीअर डोनाल्ड शायली. यांनी चेंडूऐवजी चकती आणली. एक धातूची रिंग, तिला दोन छोट्या दांड्या, आणि दोहोंच्या मधे तिरकी होऊन उघडणारी चकती. कल्पना एकदम सॉलिड. सुरुवातीची मॉडेल्स चांगली चालली. मग रक्त आणखी मोकळं वाहावं म्हणून नवं डिझाइन आलं. १९७९पासून ते अमेरिकेत विकलं जाऊ लागलं, त्याच वर्षी शायलीची कंपनी फायझरने घेतली. या डिझाइनमध्ये एक दांडी रिंगचाच भाग होती आणि दुसरी वेल्ड करून जोडलेली. ती जोडलेली दांडी काही पेशंटमध्ये तुटली. तुटली की चकती निसटते. आणि चकती निसटली की हातात मिनिटं उरतात. बहुतेकांच्या बाबतीत तीही पुरली नाहीत.

१९८६मध्ये ही झडप बाजारातून काढली, तोवर जगभरात साधारण ८६ हजार लोकांच्या छातीत ती बसलेली होती. ज्यांची तुटलेली नाही त्यांनी काय करायचं? पुन्हा ऑपरेशन करून काढायची? त्या ऑपरेशनचाही धोका आहेच. म्हणजे रोज रात्री स्वतःच्या छातीतली टकटक ऐकत झोपायचं. १९९०मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या एका समितीने या प्रकरणावर रिपोर्ट काढला. १९९४मध्ये सरकारशी तडजोड म्हणून १ कोटी साडेसात लाख डॉलर भरले गेले. आरोप असा होता की परवानगी मिळवताना सरकारी यंत्रणेपासून माहिती दडवली.

इथे इंजिनीअर बुद्धू होते किंवा सर्जन बेफिकीर होते असं मुळीच नाही. दोघंही आपापल्या कामात बाप होते. पण वेल्डिंगच्या टेबलावर जे दिसतं ते ऑपरेशन टेबलापर्यंत पोचायला एक रस्ता लागतो. मधे विक्रीचे आकडे येऊन बसले की तो रस्ता बंद होतो. माझ्या मते हृदयाच्या रिसर्चची अर्धी कहाणी या एका रस्त्याची आहे.

आता त्रिवेंद्रम.

डॉ. एम. एस. वलियाथन. जन्म १९३४चा, केरळमधल्या मावेलिक्कराचे. त्रिवेंद्रम मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी. सर्जरीचं पुढचं शिक्षण इंग्लंडमध्ये, मग हार्ट सर्जरीसाठी अमेरिका. तिथे जॉर्जटाऊनला चार्ल्स हफनेगल यांच्या हाताखाली काम. हफनेगल म्हणजे ज्यांनी १९५२मध्ये, स्टार-एडवर्ड्सच्याही आधी, प्लास्टिकची झडप माणसाच्या महारोहिणीत बसवली होती. म्हणजे आपल्या डॉक्टरांनी घराणंच असं निवडलं, जिथे सर्जन हातात पक्कड घेऊन बसतो!

त्रावणकोरच्या राजघराण्याने १९७३ साली हॉस्पिटलसाठी एक इमारत दिली होती. राज्याचे मुख्यमंत्री होते सी. अच्युत मेनन. १९७४मध्ये त्यांनी वलियाथन यांना बोलावलं : या, हे उभं करा. डॉक्टर आले. हॉस्पिटल तर उभं केलंच, पण त्याच्या जोडीला त्यांनी दुसरं एक खूळ काढलं. त्याच शहरात पूजप्पुरा भागात सॅटेलमंड पॅलेस नावाचा राजवाडा आहे. त्या राजवाड्यात त्यांनी इंजिनीअर, केमिस्ट, पॉलिमरवाले, धातूवाले आणून बसवले. बायोमेडिकल टेक्नॉलॉजी विंग! एका संस्थेचे दोन पंख : एका पंखात पेशंट, दुसऱ्या पंखात लेथ मशीन. १९८०मध्ये संसदेने कायदा करून या श्री चित्रा तिरुनाल संस्थेला राष्ट्रीय महत्त्वाचा दर्जा दिला.

ऐकायला किती साधं वाटतं ना? पण तेव्हाचा हिशेब बघा. आपल्याकडे झडपा बाहेरून यायच्या. किंमत सामान्य घराच्या आवाक्याबाहेर. हॉस्पिटलच्या दारात रांग कुणाची? रुमॅटिकवाल्यांची. म्हणजे विशी-तिशीतली, गरीब घरातली माणसं. आपल्या वयाची, यार! सर्जनला ऑपरेशन येतंय, बेड आहे, पेशंट आहे, आणि झडप घ्यायला पैसे नाहीत. अशा वेळी नव्वद टक्के लोक ट्रस्टला पत्र लिहितात. वलियाथन यांनी ठरवलं की झडपच इथे बनवायची. इंजिनीअरिंगच्या बाजूने या कामाची धुरा जी. एस. भुवनेश्वर यांच्याकडे आली. नाव लक्षात ठेवा, कारण सर्जनांची नावं सगळ्यांनाच माहीत असतात.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी काम सुरू झालं. डिझाइन तिरक्या चकतीचं. मग काय, एक बनवली, बसवली, बातमी? अजिबात नाही. पहिल्या मॉडेलची दांडी तुटली. दुसऱ्याची झीज इतकी झाली की माणसात बसवायचा प्रश्नच नव्हता. तिसऱ्यात चकती होती नीलमची. खरा नीलम म्हणजे सफायर हो, लॅबमध्ये वाढवलेला एकसंध स्फटिक. तुमच्या बॉसच्या महागड्या घड्याळाची काच ज्याची असते ना, तोच. ओरखडा पडत नाही, झिजत नाही, रक्ताशी भांडत नाही. कागदावर परफेक्ट कँडिडेट! ही झडप मेंढीच्या हृदयात बसवली. मेंढी उठली, चालायला-खायला लागली. आणि एके दिवशी मेली. उघडून बघितलं तर चकती फुटलेली.

मी या मेंढीपाशी बराच वेळ अडकले. विचार करा, तुम्ही त्या टीममध्ये आहात. कित्येक वर्षं गेली आहेत. तीन मॉडेल्स गेली आहेत. बाहेर लोक म्हणायला लागले असणारच, की हॉस्पिटलने हॉस्पिटलचं काम करावं, झडपा विकत मिळतात. आता तुमच्या ऑफिसात काय होईल? मेल सुटतील. सीसीमध्ये अख्खा मजला. टेक म्हणेल, ब्रीफच चुकीचं होतं. ब्रीफवाले म्हणतील, आम्ही तर मटेरियलबद्दल आधीच शंका काढली होती, ही बघा तारीख. आणि क्वार्टर संपेपर्यंत प्रोजेक्टला हळूच 'पार्क' केलं जाईल. (पार्क! काय शब्द आहे. गाडी परत काढायची असते पार्क केल्यावर.)

इथे मात्र चौथं मॉडेल सुरू झालं. का झालं असेल? मला एकच कारण पटतं. मेंढीचं हृदय उघडलं गेलं तेव्हा चकतीचे तुकडे दोन्ही पंखांना दिसत होते. सर्जन आणि इंजिनीअर एकाच संस्थेत, एकाच डायरेक्टरखाली, आणि तो डायरेक्टर स्वतः सर्जन. कुणी कुणाचा व्हेंडर नव्हता. व्हेंडरला पेनल्टी लावता येते. घरच्या माणसाला विचारावंच लागतं : बरं, आता काय करू या?

आणि चौथ्या मॉडेलमध्ये जे केलं ते वाचून मला हसूच आलं. जगातल्या सगळ्यात कडक पदार्थांपैकी एक फेकून त्यांनी चकतीसाठी घेतलं प्लास्टिक! अर्थात बादलीचं नव्हे. अल्ट्रा हाय मॉलेक्युलर वेट पॉलिथिलीन. कृत्रिम खुब्याच्या सांध्यात वापरतात ते. किंचित मऊ, थोडं दबणारं, आपटलं तरी न फुटणारं. चौकटीसाठी हेन्स-२५ हा कोबाल्टचा मिश्रधातू, जो जेट इंजिनांच्या भागांत वापरतात. आणि त्या चौकटीला वेल्डिंग नाही. एकाच तुकड्यातून रिंग आणि दांड्या कोरून काढलेल्या. जोडच नाही तर जोड तुटणार कुठून? ब्यॉर्क-शायलीची दांडी आठवतेय ना?

प्लास्टिकच्या चकतीचा एक फायदा असा की झडप मिटताना आवाज फार कमी येतो. धातू-कार्बनच्या झडपांची टकटक कधीकधी शेजारी बसलेल्यालाही ऐकू येते. माझ्या मावशीच्या बाजूला मी किती रात्री झोपलेय! छातीला कान लावला तरच कळतं. तिच्या वॉर्डातली एक बाई मात्र दुसऱ्या बनावटीची झडप घेऊन आली होती. ती म्हणे रात्री उशी बदलून बदलून झोपायची. आवाजासारखी बारीक गोष्ट, रिपोर्टमध्ये एका ओळीची. पण जिच्या छातीत आहे तिला विचारा.

लॅबमध्ये यंत्रांवर ही झडप ३६ कोटींहून जास्त वेळा उघडमिट करून बघितली. वर्षाला चार कोटींनी भागा. नऊ वर्षांचं आयुष्य त्यांनी माणसात घालायच्या आधी यंत्रावर काढून घेतलं. पुन्हा मेंढ्या झाल्या, या वेळी ठीक. आणि ६ डिसेंबर १९९० या दिवशी चित्रा झडप पहिल्यांदा माणसात बसली.

मग लगेच लाँच पार्टी? नाही. डिसेंबर १९९० ते जानेवारी १९९५ या काळात देशातल्या सहा हॉस्पिटलांत ३०६ पेशंटना ती बसवून त्यांचा पाठपुरावा केला गेला. हा भाग लिहायला कंटाळवाणा आणि करायला त्याहून कंटाळवाणा. पेशंट बिहारला परत गेला तर त्याला पत्र पाठवायचं, उत्तर आलं नाही तर पुन्हा पाठवायचं. सर्जन लोकांना फाइलिंगचं काम आवडत नाही, कुणालाच आवडत नाही. पण एक दांडी तुटली असती तर ती इथेच कळली असती, ८६ हजारांनंतर नाही. उत्पादनाचं काम टीटीके ग्रुपने घेतलं. तेव्हापासून एक लाखाहून जास्त लोकांना ही झडप बसली आहे. त्यातली एक सध्या पुण्यात सिंहगड रोडला राहते, दोन जिने चढते आणि वर येऊन मलाच विचारते, "तुला गं कसली धाप लागलीय?"

वलियाथन जुलै २०२४मध्ये गेले, नव्वदीचे होऊन. पद्मविभूषण होते. पेपरात मोठ्या बातम्या आल्या. त्यांत मेंढी बहुतेक ठिकाणी नव्हती.

आता कुणी म्हणेल, हे जुनं झालं. खरंय. आज जगात यांत्रिक झडपांमध्ये दोन पानांची, कार्बनची झडप जास्त चालते. आणि २००२मध्ये फ्रान्समध्ये अलाँ क्रिबिए यांनी छाती न उघडता, मांडीच्या रक्तवाहिनीतून नळी घालून झडप बसवून दाखवली. त्याआधी किती वर्षं ते कंपन्यांची दारं ठोठावत होते, आणि कंपन्या हे अशक्य आहे म्हणून त्यांना परत पाठवत होत्या. आपल्या पवईच्या आयआयटीतही बीटिक नावाचं सेंटर आहे, तिथे डॉक्टर आणि इंजिनीअर एकत्र बसून उपकरणं बनवतात. २०२०मध्ये कोविडच्या सुरुवातीला तिथल्या टीमच्या डिजिटल स्टेथोस्कोपची बातमी तुम्ही वाचली असेल : पेशंटपासून लांब उभं राहून छातीचे आवाज ऐकायचे. त्यामुळे असं काम आपल्याकडे होतच नाही, हे रडगाणं मी गाणार नाही. मला खटकतं ते वेगळंच. आपण दोन शिक्षणं असलेल्या लोकांना एका खोलीत बसवतो आणि समजतो की झालं. खोली ही सगळ्यात सोपी गोष्ट आहे. फॅसिलिटीज टीमला सांगितलं की मिळते.

एक काम तर अजून बाकीच आहे. चित्रा असो की कुठलीही कृत्रिम यांत्रिक झडप, तिच्यावर रक्ताची गुठळी धरू शकते. स्टार-एडवर्ड्सच्या कुत्र्यांना जो त्रास झाला तोच. म्हणून या पेशंटना जन्मभर रक्त पातळ ठेवायची गोळी घ्यावी लागते. कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. मधली पट्टी अगदी अरुंद. त्यासाठी नियमित रक्त तपासायचं, त्यावर डोस ठरवायचा. आणि पालेभाजीनेही डोस हलतो! एका आठवड्यात रोज मेथी-पालक आणि पुढच्या आठवड्यात काहीच नाही, असं चालत नाही. मावशी चतुर्थीला, एकादशीला काय खाल्लं ते वहीत लिहिते. तिची वही बघून डॉक्टर खूश होतात. पण ती शिकलेली आहे, पुण्यात राहते, लॅब कोपऱ्यावर आहे. ज्याचं गाव तालुक्यापासून तीस किलोमीटर लांब आहे त्याने काय करायचं?

या प्रश्नावर माझ्या ओळखीतलं एक जोडपं सध्या काम करतंय. ती कार्डिऑलॉजीची रजिस्ट्रार, तो हिंजवडीत कोड लिहितो. लग्नाला दीड वर्ष झालं. त्याने तिच्या पेशंटसाठी ॲप बनवलं. काय देखणं ॲप होतं म्हणून सांगू! डोसचा ग्राफ, रंगीत पट्टा, महिनाभर गोळी चुकवली नाही तर सोनेरी बॅज. तिने ते दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाली, "तू गुरुवारी सुट्टी टाक आणि माझ्या ओपीडीत येऊन बस."

तो गेला. सकाळी साडेआठ ते दुपारी तीन, स्टुलावर. पेशंट येत होते ते प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घेऊन. काहींकडे साधा फोन, काहींचा फोन मुलाकडे आणि मुलगा चाकणला कामावर. एका आजोबांनी मागच्या वेळी सांगितलेली अर्धी गोळी दाताने तोडून घेतली होती, त्यामुळे अर्धी नेमकी किती झाली ते देव जाणे. एक मुलगी तेवीस वर्षांची, नुकतं लग्न ठरलेलं. तिने आईच्या नकळत विचारलं की गोळी चालू असताना मूल होऊ देता येईल का. त्यावर माझ्या मैत्रिणीने पुढच्या रांगेकडे न बघता वीस मिनिटं दिली. तो ऐकत होता.

घरी येऊन त्याने बॅज उडवले. मग ग्राफ उडवला. आता तो दोन ओळींचा एसएमएस पाठवणारा प्रोग्राम लिहितोय, मराठीत : आज गोळी किती, पुढची तपासणी कधी. 'पाऊण गोळी' म्हटलं की पेशंट नक्की काय तोडेल, आणि त्याऐवजी दोन रंगांच्या दोन गोळ्या लिहून दिल्या तर जास्त गोंधळ होईल की कमी, यावर परवा रात्री दीड वाजेपर्यंत दोघांचं भांडण चालू होतं. मी सोफ्यावर बसून कुरमुरे खात होते. शेवटी ती म्हणाली, "गुरुवारी परत ये, आजोबांनाच विचारू." त्याने कॅलेंडर उघडून सुट्टी टाकली.